पहिल्या रांगेतलं रक्त

बाईंना भेटायच्या आधी मी त्यांचं रक्त पाहिलं. नोकरीचा पहिला दिवस होता. इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईघर ओलांडून गेलं की आमची प्रयोगशाळा. मी आत शिरले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. खिडकीजवळ उजेडाची पेटी चालू होती, तिच्या दुधी काचेवर तळहाताएवढी जेलची पट्टी ठेवली होती आणि पट्टीवर आठ रांगांमध्ये निळ्या रेघा उमटल्या होत्या. मी वाकून बघते तोच मागून आवाज आला, "हात लावू नकोस. डावीकडची पहिली रांग नीट बघून घे. ती माझी."

बाई म्हणजे आमच्या मुख्य तंत्रज्ञ. सगळं इस्पितळ त्यांना नुसतं बाई म्हणायचं, वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. ठेंगण्या, ताठ, पांढऱ्या कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. नळीवर चिठ्ठी तिरकी लागली तर काढून सरळ लावायला लावायच्या. मी त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढली आणि त्यांनी मला एकदाही शाबास म्हटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं मी कौतुकाच्या भरात सांगते आहे असं कुणाला वाटायला नको.

काम सांगायला सोपं आहे. रक्त नळीत गोठू द्यायचं, मग यंत्रात गरागरा फिरवायचं. गुठळी खाली बसते आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं, तेच सीरम. त्यात शेकडो तऱ्हेची प्रथिनं असतात. एक थेंब जेलच्या पट्टीवर ठेवून वीज सोडली की ती पळायला लागतात, आपापल्या वेगाने. अर्ध्या तासाने वीज बंद करायची आणि पट्टी निळ्या रंगात बुडवून धुवायची. जे जिथे पोचलं तिथे रेघ दिसते.

"वर्ग आहे असं समज," बाई मला म्हणाल्या होत्या. "हा सगळ्यात पुढे गेलेला जाड ठिपका म्हणजे अल्ब्युमिन. हुशार मुलगा. सगळ्यांची ओझी तोच वाहतो, औषधं म्हणू नकोस, चरबी म्हणू नकोस. मधे हे चारदोन सामान्य. आणि ही मागच्या बाकावरची टोळी बघ. अँटीबॉडी. मारामारीचं खातं यांच्याकडे."

निरोगी माणसात ही मागची टोळी रेघ म्हणून दिसत नाही. अँटीबॉडी लाखो प्रकारच्या, प्रत्येकीचा आकार निराळा, वेग निराळा, म्हणून त्यांचा नुसता धुरकट डाग पडतो. तिथे जर बारीक, ठळक रेघ दिसली तर एकच अँटीबॉडी प्रमाणाबाहेर झाली आहे. म्हणजे हाडाच्या मगजातली एक पेशी माजली, तिची अमाप पिल्लावळ झाली आणि सगळी मिळून तेच एक प्रथिन ओतत बसली. कधी ती रेघ वर्षानुवर्षं तशीच राहते. कधी वाढते, आणि मग हाडं पोखरली जातात आणि मूत्रपिंडं तुंबतात. आमचं सगळं काम त्या एका रेघेसाठी होतं. ती दिसली तर माणूस वेळेत डॉक्टरांच्या हाती लागायचा.

आता बाईंची रांग. प्रत्येक पट्टीवर पहिली जागा निरोगी रक्ताची, बाकी सात रोग्यांची, म्हणजे शेजारी ठेवून ताडून बघता येतं. त्यासाठी तयार सीरमच्या बाटल्या मिळतात, पण आमच्याकडे त्या येईपर्यंत नासायच्या. एका वर्षी सलग तीन खोकी आंबलेली आली, तेव्हा बाईंनी खोकं परत पाठवलं, खुर्चीत बसल्या आणि स्वतःचा हात पुढे केला. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी बाईंच्या रक्ताची एक नळी निघायची आणि आठवडाभर पहिल्या रांगेत चालायची. मी आले तेव्हा या प्रथेला अकरा वर्षं झाली होती. पुढची आठ वर्षं ती सुई मी घातली.

"मला कधी साधी सर्दी होत नाही," त्या मिरवायच्या. "या शहरातल्या निम्म्या लोकांना निरोगी ठरवलंय या रक्ताने."

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं. बाईंच्या रांगेत, मागच्या डागाच्या अगदी सुरुवातीला, केसाएवढी एक रेघ होती. मी बोट न लावता दाखवली.

"ते फायब्रिनोजेन," बाई म्हणाल्या. "रक्त गोठवणारं प्रथिन. गुठळी पुरती व्हायच्या आत नळी फिरवली की थोडं उरतं आणि तिथेच रेघ काढतं. रोग्यांच्या नळ्या पहाटेच काढून ठेवलेल्या असतात. माझी आयत्या वेळी. दहा मिनिटांत फिरवतेस, मग उरणार नाही तर काय होईल?"

उत्तर बरोबर होतं. पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे, आजही आहे. मी मान डोलावली आणि ती रेघ डोळ्यांत साठवून घेतली. निरोगी रक्त कसं दिसतं हे मी त्या रांगेवरून शिकले. माझे डोळे तिथेच तयार झाले. पुढे पट्टी वाचताना मी आधी बाईंकडे बघायची, मग रोग्याकडे, आणि तिथे तेवढीच रेघ दिसली तर पुढे सरकायची.

रेघ वाढत होती का? होती. पण आपलं मूल उंच झालेलं आईला कधी दिसत नाही, पाहुण्याला दिसतं. आमच्याकडे पाहुणा आलाच नाही. या सोमवारची रेघ मागच्या सोमवारइतकीच असायची. मागची त्याच्या मागच्याइतकी.

दुसऱ्या गोष्टीही हळूहळू होत होत्या. बाई जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागल्या आणि थांबल्यावर भिंतीवरची सूचना वाचल्याचं सोंग करायच्या. कमरेला रुंद पट्टा आला. दिवसभर पाणी पीत असायच्या. त्यांचे यजमान शिंपी, बाईंचे सगळे कोट तेच शिवायचे, वहीत बावीस वर्षांपूर्वीची मापं होती त्यांवरून. एका वर्षी नवा कोट आला तो बाईंच्या गुडघ्याखाली चार बोटं लोंबत होता. यजमान स्वतः टेप घेऊन प्रयोगशाळेत आले. तीनदा माप घेतलं.

"अगं, तू दीड इंच कमी भरतेस," ते म्हणाले.

"तुमची टेप ताणली गेलीय. माणूस कुठे आखडतो? धुतल्यावर कापड आखडतं."

आम्ही सगळे हसलो. यजमानही हसले, पण जाताना दारात त्यांनी टेप हाताभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली आणि आकड्यांकडे बघत उभे राहिले. माणसाची उंची पाठीचे मणके दबले की कमी होते. मणके का दबतात हे त्या खोलीत दोन बायकांना पाठ होतं.

आता ज्या सोमवारबद्दल मी कुणाजवळ बोलले नाही तो. या गोष्टीच्या शेवटापासून तीन वर्षं आधीचा. मी बाईंचं रक्त काढलं आणि वीज गेली. फिरवण्याचं यंत्र बंद, सगळंच बंद. वीज आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. तोवर नळी नळ्यांच्या घोडीवर उभीच होती, चार तास. गुठळी अशी घट्ट झाली होती की नळी उलटी केली तरी हलेना. फायब्रिनोजेन सगळं गुठळीत गेलेलं, थेंबभर उरायला जागा नाही. मी नळी फिरवली, पट्टी चालवली, रंगवली, धुतली.

रेघ होती.

बाई तेव्हा मोरीशी पाठमोऱ्या उभ्या राहून काचा विसळत होत्या. त्यांच्या आणि माझ्या मधे चार पावलं. मी पट्टी हातात धरून उभी राहिले. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. मी मनात म्हटलं, जेल जुनं असेल. मग म्हटलं, पुढच्या सोमवारी पुन्हा बघू. खरं कारण काही मोठं नव्हतं. बाईंना, बाई तुमचं चुकलं, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं आणि मांजराच्या गळ्यात घंटा मी का बांधावी? त्यातून त्या आजारी आहेत हे मलाच नको होतं. मी पट्टी वाळवली, फाइलमध्ये लावली आणि मूग गिळून घरी गेले. पुढच्या सोमवारी वीज होती. नळी दहा मिनिटांत फिरवली आणि रेघेला पुन्हा कारण मिळालं.

शेवट आणला एका पोस्टमनने. पाठ दुखते म्हणून त्याचं रक्त आमच्याकडे आलं होतं आणि मी त्यावर 'विशेष काही नाही' असं लिहून सही केली होती. चौदा महिन्यांनी तो घरात बसल्याबसल्या शिंकला आणि त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. रक्ताचे डॉक्टर वरच्या मजल्यावरून स्वतः खाली आले. एरवी ते फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचे. त्यांनी त्याची जुनी पट्टी मागितली, उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि पाचव्या रांगेवर पेन्सिलचं टोक टेकवलं.

"ही रेघ तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली," मी म्हटलं. "पण पहिल्या रांगेत आहे तेवढीच आहे, म्हणून..."

पेन्सिल हळूच डावीकडे सरकली. पाचव्या रांगेपासून पहिल्यापर्यंत फार अंतर नसतं, बोटभर. डॉक्टर बराच वेळ वाकून होते.

"ही पाचवीपेक्षा जाड आहे," ते म्हणाले. "कुणाचं रक्त आहे हे?"

बाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. "माझं. ते फायब्रिनोजेन आहे, डॉक्टर. घाईत फिरवतो आम्ही."

"मग घाई न करता फिरवा," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला आणि तो मऊपणा मला अजिबात आवडला नाही. "आज. पुरतं गोठू द्या. रेघ गेली तर मी तुमची माफी मागेन."

ते गेले. बाई खुर्चीत बसल्या, बाही वर केली. मी सुई घातली. अकरा वाजले होते. बाईंनी नळी स्वतः घोडीवर ठेवली आणि घड्याळ काढून शेजारी ठेवलं. "एक वाजेपर्यंत कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. रेघ गेली तर बाई पुढच्या वर्षी सेवानिवृत्त होऊन घरी जाणार होत्या. राहिली तर त्यांना तो रोग होता आणि कित्येक वर्षांपासून होता. मधलं काही नव्हतं.

ते दोन तास मी कधी विसरणार नाही. बाईंनी मला बसू दिलं नाही. कपाटातल्या रंगाच्या बाटल्या काढून पुसायला लावल्या. स्वतः नळीकडे पाठ करून बसल्या आणि शिकवायला लागल्या, जशा पहिल्या वर्षी शिकवायच्या.

"हाड म्हणजे दगड नव्हे. तिथे रोज दोन तऱ्हेचे गवंडी कामावर असतात. एक जुनं तोडतो, दुसरा नवं बांधतो. तोडणाऱ्याला सुरू कर म्हणून कोण सांगतं?"

"प्रथिन," मी म्हटलं.

"एक प्रथिन त्याच्या अंगावरच्या दुसऱ्या प्रथिनात जाऊन बसतं. कडी कोयंड्यात बसते तसं. बसलं की काम सुरू. आणि थांब म्हणून सांगणारं तिसरं एक असतं, ते मधेच कडी धरून ठेवतं. पेशीत कुणी आपल्या मनाने काही करत नाही. कुणीतरी कुणाला तरी धरतं, कुणी सोडतं, त्यावर सगळं चालतं. माजलेली पेशी येते ती काय करते? सुरू कर म्हणणारं वाढवते आणि थांब म्हणणारं गिळते. मग तोडणारा तोडतच जातो. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. त्याला निरोप तसा मिळतोय." बोलता बोलता त्यांचा हात कमरेवर गेला. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी हात मांडीवर आणून ठेवला. "पुस ती बाटली. तळाशी डाग आहे."

बाराच्या सुमारास त्यांनी यजमानांना फोन केला. म्हणाल्या, आज जेवायला थांबू नका, काम निघालंय.

एक वाजता बाईंनी नळी उलटी केली. गुठळी हलली नाही. यंत्र फिरलं. थेंब त्यांनी स्वतः ठेवला, त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. वीज सोडली. अर्धा तास आम्ही दोघी पट्टी ठेवलेल्या टाकीसमोर उभ्या होतो. मग निळ्या रंगात पट्टी गेली आणि पूर्ण निळी झाली. रंगातून काढलेल्या पट्टीवर आधी काहीच दिसत नाही. धुवत जायचं, एकेक पाणी बदलायचं, मागचा रंग उतरत जातो आणि जे खरोखर तिथे आहे तेवढं राहतं. पहिल्या पाण्यात अल्ब्युमिन दिसलं. दुसऱ्यात मधल्या रेघा. मी तिसरं पाणी ओतताना बाई म्हणाल्या, "सावकाश."

चौथ्या पाण्यात रेघ आली. सुरीने ओढल्यासारखी, सरळ, काळपट निळी. मागचा धुरकट डाग जवळपास नाहीसाच झाला होता. त्या एका रेघेने बाकीच्या सगळ्यांना हुसकावून लावलं होतं.

बाईंनी पट्टी उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि मोजपट्टीने रेघेची जाडी मोजली, इतर कुणाचीही मोजतात तशी. मग नोंदवहीत लिहिली. अक्षर नेहमीसारखं वळणदार.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. हाडाच्या मगजाची तपासणी झाली, मणक्यांचे फोटो निघाले. तीन मणके दबलेले होते आणि एक मूत्रपिंड निकामी व्हायला आलं होतं. तीन वर्षं आधी कळतं तर गोष्ट वेगळी होती, असं रक्ताचे डॉक्टर जिन्यात मला म्हणाले. त्यांना बाकी काही माहीत नव्हतं, ते सहज म्हणाले. आम्ही सगळ्या जुन्या फाइली काढल्या. बाई उपचार घेता घेता, डोक्याला फडकं बांधून, खुर्चीत उशी ठेवून एकेक पट्टी पुन्हा वाचत होत्या. पोस्टमनसारखे आणखी चार निघाले. त्यातले दोन तोवर गेले होते. बाई त्यानंतर सव्वा वर्ष जगल्या.

पण माझ्या मनातून जात नाही ती ती दुपार. नोंदवही मिटून बाई बसल्या होत्या. माझ्याने राहवलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसतही नव्हते.

"बाई, मला तीन वर्षांपूर्वीच दिसली होती. वीज गेली होती त्या सोमवारी. रक्त पुरतं गोठलं होतं तरी रेघ होती. मी बोलले नाही."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. मला ते हवं होतं.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "तू गेल्यावर मी फाइल उघडली होती."

"म्हणजे तुम्ही पण..."

"पाहिली. रात्रभर झोप नाही. सकाळी वाटलं, माझे डोळे आता म्हातारे झाले. तुझे चांगले आहेत. माझ्यापेक्षा चांगले आहेत, मी कधी म्हटलं नाही तुला. म्हटलं, पोरीने पट्टी हातात धरून पाहिलीय. काही असतं तर बोलली असती." त्यांनी नोंदवही बाजूला सरकवली. "त्यानंतर दर सोमवारी तू सुई घालायचीस ना, तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघायची. तू आपली हवापाण्याचं बोलत असायचीस. मग मला बरं वाटायचं. आठवडा निघायचा."

एवढं बोलून त्यांनी बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावायला लागल्या. ते त्यांना लागेना, म्हणून मी पुढे झाले. तर त्या म्हणाल्या, "राहू दे. तुझे हात ओले आहेत."